गाठ, रेशनकार्ड आणि ताण : एका प्रकरणाचा अभ्यास

ताई पहिल्यांदा माझ्यासमोर येऊन बसल्या, तेव्हा त्यांच्या तिसऱ्या केमोची तारीख उलटून एकोणीस दिवस झाले होते. मी मध्य मुंबईतील एका रुग्णालयात कर्करोगाच्या रुग्णांसाठी वैद्यकीय समाजसेविका म्हणून काम करते आणि तारीख चुकवणाऱ्या रुग्णाला फोन करून बोलावून घेणे हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. कारणे बहुधा ठरलेली असतात : पैसे संपले, सोबतीला कोणी नाही, गावाला जावे लागले, उलट्यांची धास्ती बसली. ताईंचे कारण वेगळे होते. त्या म्हणाल्या, "मॅडम, टेन्शननेच झालंय हे. घरातलं टेन्शन मिटल्याशिवाय औषध लागू पडणार नाही. मुळाला हात न लावता फांद्या छाटून काय उपयोग?" हे त्या चिडून किंवा रडून बोलल्या नाहीत. महिनाअखेरीस वाण्याचा हिशेब सांगावा तशा शांतपणे बोलल्या, आणि त्यामुळेच मला जास्त काळजी वाटली.

हे प्रकरण त्यांच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नाव दिलेले नाही. आमच्या विभागात सगळे त्यांना ताईच म्हणत.

त्यांचे वय त्या वेळी ४९ होते. लालबागच्या एका चाळीतली सासऱ्यांची खोली पुनर्विकासात गेलेली, कुटुंब भांडुपच्या बाजूला भाड्याच्या घरात. यजमान छापखान्यात बाइंडिंगचे काम करीत. छापखाना बंद पडल्यावर ते एका सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन झाले. मुलगी २३ वर्षांची, नोकरी करणारी, मुलगा बारावीत. सासूबाई खुब्याचे हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या. ताई पहाटे साडेचारला उठून शंभर-सव्वाशे पोळ्या लाटून एका पोळीभाजी केंद्राला पोहोचवीत, आणि घर चालण्यात त्या पोळ्यांचा वाटा यजमानांच्या पगाराइतकाच होता. यात तीन वर्षांपूर्वी भर पडली ती दिराशी सुरू झालेल्या वादाची. सासरे वारले, चाळीतल्या खोलीचा भाडेहक्क कोणाच्या नावावर जाणार आणि पुढे मिळणारी नवी जागा कोणाची, यावरून दोन भाऊ लघुवाद न्यायालयात समोरासमोर उभे राहिले. एका ताटात जेवलेल्या माणसांनी जिन्यात एकमेकांकडे न बघता जाणे ताईंच्या मनाला फार लागले होते.

गाठ आंघोळीच्या वेळी साबण लावताना डाव्या स्तनात हाताला लागली. सुपारीएवढी, टणक, न दुखणारी. त्या क्षणापासून पहिल्या केमोपर्यंत चौदा महिने गेले. बायोप्सीत स्तनाचा कर्करोग निश्चित झाला, तेव्हा गाठ साडेचार सेंटिमीटरची म्हणजे चांगल्या लिंबाएवढी झाली होती आणि काखेतल्या ग्रंथींतही तो उतरला होता. हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह (म्हणजे हार्मोनच्या जोरावर वाढणारा), हर-टू निगेटिव्ह (म्हणजे हर-टू हे वाढीला जोर देणारे प्रथिन जास्त नसलेला), इतर अवयवांत प्रसार नाही. डॉक्टरांनी आधी केमो देऊन गाठ आक्रसवायची आणि मग शस्त्रक्रिया करायची, असे ठरवले होते. म्हणजे आजार पुढे गेलेला असला तरी बरा करण्याच्या उद्देशानेच उपचार चालू होते, आणि नेमक्या अशा वेळी ताईंनी ते थांबवले होते.

एकाच वाक्याचे चार आरोपी

'टेन्शनने झालं' या एका वाक्याने त्या घरात किती जणांना आरोपी केले होते, हे मला पुढच्या दोन-तीन भेटींत उलगडत गेले. मुलगी माझ्यासमोरच वडिलांविषयी म्हणाली, "बाबांनी काकांसमोर एकदा तरी तोंड उघडलं असतं, तर आईवर ही वेळ आली नसती." ते बाहेरच्या बाकावर बसले होते, दार उघडे होते. त्यानंतर यजमान वर येईनासे झाले. ताईंना गेटपाशी सोडून ते समोरच्या टपरीवर चहाचा ग्लास हातात धरून तीन-तीन तास उभे राहत. सासूबाई अंथरुणावरून जो येईल त्याला सांगत की सुनेने आपले हगणे-मुतणे काढले म्हणून तिला हे भोगावे लागले. गावाकडची बहीण फोनवर 'चिता मेलेल्याला जाळते, चिंता जिवंताला' हे ऐकवून पुन्हा पुन्हा बजावत असे की मनाला लावून घेऊ नकोस, नाहीतर वाढेल. आणि चौथी आरोपी खुद्द ताई होत्या. "माझाच स्वभाव वाईट," त्या म्हणाल्या. "दुसरी असती तर सोडून दिलं असतं. मी मनात साठवत गेले."

कोणीही कोणाचे वाईट चिंतीत नव्हते. आजाराचे कारण सापडले की माणसाच्या हाताला काहीतरी धरायला मिळते, आणि ताण हे कारण प्रत्येकाच्या आयुष्यात शोधल्यावर सापडतेच. ही समजूत काही आपल्याकडची किंवा आजची नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला गेलन हा वैद्य खिन्न स्वभावाच्या स्त्रियांना स्तनाचा कर्करोग अधिक होतो, असे लिहून गेला आहे. मात्र ताईंच्या घरात या समजुतीची किंमत रोख मोजली जात होती. नवरा तुटत चालला होता, मुलीचा राग वाढत होता आणि केमो बंद होती.

हरभरा, सुपारी, लिंबू

मी त्यांना 'तुमचे म्हणणे चूक आहे' असे सांगितले नाही. वर्षानुवर्षे ज्यांनी सोसले आहे त्यांना असे सांगणे म्हणजे तुमचे सोसणे खोटे होते, असे सांगण्यासारखे आहे. त्याऐवजी आम्ही हिशेबाला बसलो. माझ्या टेबलाच्या खणात एका डबीत हरभऱ्याचा दाणा आणि एक सुपारी असते. लिंबू त्या दिवशी कँटीनमधून मागवले.

कर्करोगाची गाठ एका पेशीपासून सुरू होते. एकीच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. असे तीस वेळा दुप्पट झाले की पेशींची संख्या शंभर कोटींच्या वर जाते, आणि तेव्हा कुठे गाठ सुमारे एक सेंटिमीटरची, म्हणजे हरभऱ्याएवढी होते. स्तनाच्या कर्करोगात एकदा दुप्पट व्हायला सर्वसाधारणपणे काही महिने लागतात. कोणात कमी, कोणात जास्त. ताईंची गाठ हाताला लागल्यापासून बायोप्सीपर्यंतच्या अकरा महिन्यांत सुपारीची लिंबू झाली. व्यास दुप्पट झाला, म्हणजे आकारमान आठपट झाले. ते तीनदा दुप्पट होण्याइतके आहे. एका खेपेला साधारण पावणेचार महिने. याच वेगाने मागे मोजत गेले, तर पहिली पेशी बिघडली त्याला अकरा-बारा वर्षे होतात. गाठ सगळा काळ एकाच वेगाने वाढत नाही, त्यामुळे हा आकडा अंदाजाचाच आहे आणि तो तसाच घ्यायला हवा. पण वाद सुरू होऊन झाली होती तीन वर्षे, आणि कितीही हात सैल सोडला तरी हा हिशेब तीन वर्षांत बसत नव्हता.

रोज सव्वाशे पोळ्यांच्या कणकेचा अंदाज घेणाऱ्या बाईला दुपटीचा हिशेब समजवावा लागला नाही. त्यांनी लिंबू हातात घेतले, ठेवले, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बारा वर्षांपूर्वी तर मुलगा बालवाडीत होता. सासरे होते. गणपतीला आम्ही दोघी जावा एकाच परातीत मोदकाची उकड मळायचो. तेव्हा कसलं टेन्शन होतं?"

या हिशेबाने सगळे प्रश्न सुटत नाहीत, हे मी त्यांना त्याच बैठकीत सांगितले. गाठीची सुरुवात जुनी असली, तरी पुढच्या ताणाने ती फोफावली नाही कशावरून, असे कोणीही विचारू शकते. त्याचे उत्तर शोधायला एका बाईचा हिशेब पुरत नाही, हजारो बायकांचा लागतो.

हजारो बायकांचा हिशेब

या विषयावरचे जुने अभ्यास वाचले की ताण आणि स्तनाचा कर्करोग यांचे नाते पक्के वाटू लागते, आणि नवे, मोठे अभ्यास वाचले की ते विरत जाते. या फरकाचे मुख्य कारण प्रश्न कधी विचारला, यात आहे. निदान झालेल्या बाईला 'गेल्या पाच वर्षांत काही मोठे दुःख झाले का?' असे विचारले, तर ती आठवणींचा प्रत्येक कप्पा उघडते, कारण तिला स्वतःलाच उत्तर हवे असते. निरोगी बाईला हाच प्रश्न विचारला तर ती दोन गोष्टी सांगून स्वयंपाकाला लागते. ताईंनीही मला पहिल्या दिवशी अकरा घटना सांगितल्या होत्या. त्यांत मुलाला दहावीत कमी गुण मिळाल्याचाही समावेश होता. लंडनमध्ये गाठीच्या तपासणीसाठी आलेल्या ११९ स्त्रियांचा एक अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात आधीच्या वर्षांतील गंभीर घटनांचा कर्करोगाशी मोठा संबंध दिसला. तो आजही सांगितला जातो. पण ११९ ही संख्या लहान आहे, आणि आठवणीच्या पाठमोऱ्या वाटेने मिळालेली माहिती अशीच कललेली असते.

याच्या उलट रीत म्हणजे निरोगी स्त्रियांना आधी विचारून ठेवायचे आणि मग वर्षानुवर्षे वाट पाहायची. ब्रिटनमधील जनरेशन्स स्टडीत १ लाख ६ हजारांहून अधिक स्त्रियांकडून त्यांना किती वेळा ताण जाणवतो आणि आधीच्या पाच वर्षांत घटस्फोट, मृत्यू, आजारपण अशा कोणत्या घटना घडल्या, हे लिहून घेतले गेले. पुढे त्यांतील १,७८३ जणींना स्तनाचा कर्करोग झाला. २०१६ मध्ये आलेल्या निष्कर्षात ताणाचा आणि या कर्करोगाचा एकंदरीत संबंध आढळला नाही. युरोपातील बारा अभ्यास एकत्र करून १ लाख १६ हजार लोकांच्या कामावरील ताणाची पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातही स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला नाही.

सगळे अभ्यास एका सुरात बोलतात, असे मात्र मी म्हणणार नाही. फिनलंडमध्ये १०,८०८ स्त्रियांच्या पाहणीत घटस्फोट किंवा पतीचा मृत्यू यांनंतर धोका वाढलेला दिसला होता. कोपनहेगनमध्ये ६,६८९ स्त्रियांच्या पाहणीत, उलट, जास्त ताण सांगणाऱ्यांत हा कर्करोग कमी आढळला. दोन्ही पाहण्या काळजीपूर्वक केलेल्या होत्या. कोपनहेगनचा निकाल वाचून ताण घ्या असा सल्ला कोणी देणार नाही. मग फिनलंडचा निकाल हाती घेऊन ताईंच्या यजमानांना टपरीवर उभे करणेही न्यायाचे नाही. जिथे नाते खरोखर बळकट असते तिथे मोठे अभ्यास एकमेकांच्या विरुद्ध तोंडे करीत नाहीत. दारू, पाळी गेल्यानंतरचा लठ्ठपणा, लवकर आलेली व उशिरा गेलेली पाळी, पहिले मूल उशिरा होणे किंवा न होणे, स्तनपान न करणे, रक्ताच्या नात्यातील आजार, बीआरसीए जनुकांतील दोष आणि सर्वांत मोठे म्हणजे वाढते वय, यांच्याबाबतीत निष्कर्ष जगभर एकाच दिशेने येतात.

प्रयोगशाळेतील संशोधनाचा उल्लेख केला पाहिजे, कारण वर्तमानपत्री मथळे तिथून येतात. ताणाच्या वेळी शरीरात कॉर्टिसॉल आणि नॉरअॅड्रेनॅलिन ही संप्रेरके वाढतात. उंदरांना बंदिस्त जागेत कोंडून दीर्घ ताण दिला असता त्यांच्यातील स्तनाच्या गाठी इतर अवयवांत जास्त पसरल्या, असे २०१० मध्ये दाखवले गेले, आणि त्या वाटा आज गंभीरपणे अभ्यासल्या जात आहेत. कर्करोग असलेल्या उंदरात घडणारी ही गोष्ट आहे. निरोगी बाईला घरच्या भांडणाने कर्करोग होतो, असे त्यातून निघत नाही.

ताण कोणत्या वाटेने गेला

इथपर्यंत आले की बरेच जण 'म्हणजे ताणाचा काही संबंध नाही' असे म्हणून फाइल मिटवतात. ताईंच्या प्रकरणात मला तसे करता आले नाही. त्यांच्या ताणाने आजारात त्यांचे नुकसान नक्की केले; फक्त ते रक्तातल्या रसायनांच्या वाटेने झाले असे मला वाटत नाही. ते ज्या वाटेने झाले ती वाट उघड्या डोळ्यांनी दिसत होती, आणि चौदा महिन्यांचा एकेक महिना तिच्यावर मोजता येत होता.

पहिले चार महिने त्या कोणाशी बोललेल्याच नाहीत. अवघड जागेचे दुखणे, घरात आधीच कोर्टाचा खर्च, यजमानांची नोकरी नुकतीच गेलेली. त्यात आपली भर कशाला, हा विचार. गाठ दुखत नव्हती, म्हणून धीर धरता आला. दुखली असती तर त्या लवकर गेल्या असत्या. स्तनातील कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, हे मी भेटेल त्या बाईला सांगत असते आणि सांगताना प्रत्येक वेळी मला ताई आठवतात.

नंतरचे पाच महिने वस्तीतल्या एका दवाखान्यात गेले. तिथे कपड्यांवरूनच पाहून पाळी जाताना अशा गाठी होतात, असे सांगण्यात आले आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या मिळाल्या. ताईंना ते ऐकायचेच होते. सासूबाईंना सोडून दिवसभर मोठ्या रुग्णालयाच्या रांगेत कोण बसणार, हा प्रश्न त्या गोळ्यांनी मिटवला होता. या टप्प्याविषयी मला सर्वांत जास्त वाईट वाटते, कारण प्रशिक्षित हाताने दहा मिनिटे नीट तपासले असते तर तिथेच संशय आला असता. आणि मुंबईला हे ठाऊक आहे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून याच शहराच्या गरीब वस्त्यांत ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजारांहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षे चालवलेला अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील निम्म्या गटातल्या स्त्रियांना प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासले. त्या गटात कर्करोग तुलनेने लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नास व त्यापुढील वयाच्या स्त्रियांत त्याने होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मृत्यूंमध्ये तशी घट दिसली नाही, हेही नोंदवले पाहिजे. या सेविका डॉक्टर नव्हत्या. त्यांना फक्त कसे तपासायचे हे शिकवले होते, आणि त्या पदर बाजूला करायला सांगायला लाजत नव्हत्या.

मुलीला कळल्यावर ती आईला महापालिकेच्या रुग्णालयात घेऊन गेली. मॅमोग्राफी, सोनोग्राफी झाली. बायोप्सीचे नाव निघताच शेजारणीने सुई लावली की पसरतो अशी भीती घातली आणि त्यात दोन महिने गेले. सुईच्या बायोप्सीने आजार पसरतो ही धारणा निराधार आहे. ती न केल्याने उपचार ठरवता येत नाहीत.

शेवटचे तीन महिने रेशनकार्डाने खाल्ले. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेतून उपचार घ्यायला त्या वेळी पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड लागत असे. कार्ड केशरी होते, पण एकत्र कुटुंबाचे, सासऱ्यांच्या नावाचे, आणि दिराच्या कपाटात. कार्ड दिले तर भाऊ ते पत्त्याचा पुरावा म्हणून कोर्टात वापरील, या शंकेने दीर ते देत नव्हता. यजमान मागायला जात नव्हते, कारण मागणे म्हणजे वाकणे. वेगळ्या कार्डासाठी शिधावाटप कार्यालयात अर्ज केला, तर जुन्या कार्डातून नावे कमी केल्याचा दाखला मागितला गेला, आणि त्यासाठी पुन्हा तेच कार्ड लागत होते. अखेर जावेने नवऱ्याच्या नकळत कार्ड काढले, पोळ्यांच्या डब्याखाली ठेवून पिशवीतून आणले आणि संध्याकाळच्या गर्दीत दादर स्टेशनच्या पुलावर पुतणीच्या हातात दिले. झेरॉक्स काढून अर्ध्या तासात परत, अशी अट होती. पहिली केमो त्या झेरॉक्सवर झाली.

हे सगळे ताईंपुढे मांडले तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे टेन्शननेच झालं की." मी म्हटले, गाठ झाली ती टेन्शनने नाही, टेन्शनने ती दाखवायला उशीर झाला, आणि आता तेच टेन्शन तुमची केमो चुकवते आहे. यातले पहिले कोणाच्या हातात नव्हते. दुसरे होऊन गेले. तिसरे मात्र उद्या सकाळी सुधारता येते. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी केमोला आल्या, असे लिहायला मला आवडले असते. त्या चौथ्या दिवशी आल्या, कारण मधे सासूबाईंना ताप होता.

ताणावरचा इलाज

ताणाने कर्करोग होत नाही एवढे सांगून ताण कमी होत नाही. आमच्याकडे प्रत्येक रुग्णाला शून्य ते दहाच्या पट्टीवर मनाची अवस्था दाखवायला सांगतात. चार किंवा त्याहून अधिक असेल तर पुढची विचारपूस होते. ताईंनी आठावर बोट ठेवले होते. नैराश्याच्या प्रश्नावलीत सत्तावीसपैकी सोळा गुण आले. झोप पहाटे दोनला तुटे, जेवण जात नसे, आणि सकाळी कणीक मळताना हात मधेच थांबून राहत, असे मुलीने सांगितले. हे नैराश्य होते आणि त्यावर उपचार आहेत. मनोविकारतज्ज्ञांनी एस्सिटॅलोप्रॅम हे नैराश्यावरचे औषध सुरू केले. ताईंना पुढे टॅमॉक्सिफेन हे हार्मोनचा परिणाम रोखणारे कर्करोगाचे औषध घ्यावे लागणार हे लक्षात घेऊनच ही निवड झाली होती. पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन ही नैराश्यावरची औषधे यकृतातील ज्या विकराला (एन्झाइमला) अडवतात, त्याच विकराने टॅमॉक्सिफेनचे प्रभावी रूप तयार होते. मनाचे औषध घेणाऱ्या प्रत्येक बाईने ते कर्करोगाच्या डॉक्टरांना दाखवावे आणि कर्करोगाचे औषध मनाच्या डॉक्टरांना.

आमच्या गटबैठकीत येण्याआधी ताईंनी मला सरळ विचारले की बोलून आयुष्य वाढते का. प्रामाणिक उत्तर द्यायचे तर १९८९ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या ८६ स्त्रियांपैकी गटबैठकांना जाणाऱ्या जणी जवळजवळ दुप्पट काळ जगल्या होत्या, आणि त्या बातमीने जगभर आशा निर्माण केली. पण २००१ मध्ये २३५ स्त्रियांवर तोच प्रयोग झाला तेव्हा आयुष्य वाढलेले दिसले नाही. मनाचा त्रास आणि वेदना मात्र कमी झाल्या. मी त्यांना दोन्ही सांगितले. त्या म्हणाल्या, "झोप लागली तरी पुरे." त्या अकरा बैठकांना आल्या.

यजमानांना वर आणायला जास्त वेळ लागला. मी स्वतः टपरीवर गेले. गठ्ठे शिवून-शिवून अंगठ्याला पडलेला घट्टा ते दुसऱ्या बोटाने चोळत होते. हिशेबाचा तोच कागद मी त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. पुढच्या तारखेला ते फाइल घेऊन तिसऱ्या मजल्यावर आले आणि सलाइन संपेपर्यंत ताईंच्या पायाशी बसून राहिले. मुलगी त्यांच्याशी बोलली नाही, पण तिने त्यांच्यासाठी चहा आणला. सासूबाईंची सकाळ मुलाने आणि दुपार यजमानांनी वाटून घेतली; ही वाटणी कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवली होती. परतीच्या प्रवासात लोकलच्या दिव्यांग व कर्करोगग्रस्तांसाठीच्या डब्यात चढायला ताई आधी तयार नव्हत्या, 'लोक बघतात' म्हणून. चौथ्या केमोनंतर अंगात त्राण उरले नाही, तेव्हा त्या डोक्याला स्कार्फ बांधून चढल्या.

पुढचे उपचार थोडक्यात. चार आणि त्यानंतर आठवड्याला एक अशा बारा केमो पूर्ण झाल्या, गाठ दीड सेंटिमीटरवर आली, स्तन वाचवून शस्त्रक्रिया झाली, काखेतल्या ग्रंथी काढल्या, रेडिएशन झाले. वय पन्नाशीच्या आत असल्याने जनुकतपासणी केली. दोष आढळला नाही. मुलीला आईच्या निदानामुळे तिचा धोका इतरांपेक्षा जास्त राहतो आणि तपासण्या कधी सुरू करायच्या, हे समजावून सांगितले.

टॅमॉक्सिफेन सुरू होऊन वर्ष झाल्यावर ताई एकदा घाबऱ्याघुबऱ्या आल्या. कोर्टात निकाल दिराच्या बाजूने लागला होता. त्यांना स्वतःच्या घरापेक्षा एकच धसका होता : आता पुन्हा टेन्शन, म्हणजे पुन्हा गाठ. त्यांना मी सांगितले की उपचार झालेल्या स्त्रियांना पाच वर्षांपर्यंत पाहून २००२ मध्ये एक ब्रिटिश अभ्यास प्रसिद्ध झाला आहे आणि त्यात गंभीर दुःखद घटना घडलेल्यांत आजार जास्त उलटलेला दिसला नाही. तपासणी केली, काही निघाले नाही. निकालाविरुद्ध त्यांनी अपील केले आहे. पोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत, आधी तीस, आता सत्तर. डाव्या हाताला सूज येऊ नये म्हणून शिकवलेले व्यायाम त्या कणीक मुरत ठेवून करतात.

गेल्या पावसाळ्यात ताईंचा फोन आला. जावेच्या उजव्या स्तनात काही लागते आहे, आठ दिवस झाले, घरात कोणाला सांगितलेले नाही. अपिलाची तारीख त्याच आठवड्यात गुरुवारी होती. ताई मंगळवारी सकाळी तिला घेऊन आल्या आणि रांगेत तिच्या शेजारी बसल्या. सोनोग्राफीत पाण्याची साधी गाठ निघाली. जाताना जावेने पिशवीतून स्वतःचे नवे, वेगळे रेशनकार्ड काढून ताईंना दाखवले, आणि दोघी स्टेशनच्या दिशेने गेल्या.